राक्षस म्हणजे कोण?



आज एकाच शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द आहे 'राक्षस'. पाटीवर लिहून बघा. 'क्ष' जरा अवघड आहे, पण जमेल.

हा शब्द मी एकदा फार वाईट वापरला. मी शाळेत शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात एक दांडगा पोरगा होता. एक दिवस त्याने चौघांच्या भाकरी खाल्ल्या. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "राक्षस आहेस की रे तू!" पोरे हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. गुऱ्हाळावर कामाला लागला. त्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे मला मागाहून कळले.

मग मी पोथ्या काढून बसलो. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात एक कथा आहे. ब्रह्मदेवाने आधी पाणी निर्माण केले. मग ते राखायला प्राणी निर्माण केले. ते भुकेने कासावीस झाले होते. त्यांनी विचारले, "आम्ही काय करावे?" ब्रह्मदेव म्हणाला, "पाणी राखा." काही जण म्हणाले, "रक्षाम," म्हणजे आम्ही राखू. ते झाले राक्षस. म्हणजे बघा, राक्षस हा मुळात राखणदार, आणि तोही उपाशी! यास्क नावाच्या जुन्या पंडिताने मात्र उलटे सांगितले. ज्याच्यापासून स्वतःला राखावे, तो राक्षस. मला आपली पहिली गोष्ट बरी वाटते.

आता आपल्या कोल्हापूरचेच घ्या. अंबाबाईने कोल्हासुराला मारले. मरताना त्याने मागितले, "या गावाला माझे नाव राहू दे. दरसाल मला कोहळ्याचा बळी मिळू दे." देवीने ते दिले. नावाची ही कथा जाणत्यांना पटत नाही. शिलाहार राजांच्या शिलालेखांत 'कोल्लापूर' असे नाव आहे. कानडीत 'कोळ्ळ' म्हणजे दरी, त्यावरून ते आले असावे, असे काही जण म्हणतात. असो. कथा मात्र लोकांनी सोडली नाही.

आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. कोहळा म्हणजे तो असुर. आणि मग त्याचा तुकडा मिळावा म्हणून ही झुंबड! तुकडा घरात असला की बरकत येते म्हणतात. ज्याला मारला, त्यालाच घरी न्यायचे. माझी आई तो धान्याच्या कणगीत ठेवी.

एका वर्षी त्या गर्दीत मी कडेला उभा होतो. मला कुठला तुकडा मिळतोय? तेवढ्यात एक धिप्पाड माणूस पुढे आला. त्याने आपल्याजवळचा तुकडा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "घ्या गुरुजी," म्हणाला. मी ओळखले. त्याची माफी मागावी असे किती वर्षे मनात होते. पण तोंडातून दुसरेच निघाले.

"जेवलास का रे?" मी विचारले.