परदेशी कालवणाचा शोध
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'परदेशातील अनुभव' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. वास्तविक आम्ही परदेश पाहिला तो एकदाच, २०२३ च्या उन्हाळ्यात, आणि तोही तीन महिन्यांपुरता. आमचे चिरंजीव इंग्लंडात लेस्टर शहरी असतात. त्यांच्या बिऱ्हाडी आमचा मुक्काम होता. तेथील राजवाडे, पूल आणि पदार्थसंग्रहालये आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत, आणि ज्यांनी पाहिली नाहीत त्यांस त्यांची चित्रे घरबसल्या पाहावयास मिळतात. तेव्हा त्यांचे वर्णन करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका वाटीभर कालवणाविषयी.

यामागे एक लहानसे कारण आहे. आमचे कुटुंब २०२१ साली निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांनी चिरंजीवांचा दूरध्वनी आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी विचारले, "नाना, आई बांगड्याच्या कालवणात काय काय घालायची?" आम्ही म्हणालो, "खोबरे, मिरच्या, तिरफळे, आमसुले." "किती किती?" या प्रश्नास मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. "पाहून सांगतो," असे आम्ही बोलून गेलो आणि मग ध्यानात आले की, जिला विचारून सांगावयाचे ती आता नाही. छत्तीस वर्षे मुलांना त्रैराशिक शिकविले. पण ज्या कालवणावर तितकीच वर्षे आमचा पिंड पोसला, त्याचे एकही प्रमाण आम्हांस ठाऊक नव्हते. सभेतील पुरुषमंडळींनी क्षणभर स्वतःस हाच प्रश्न विचारून पाहावा. आम्ही उत्तरासाठी कोणास उभे करणार नाही.

असो. लेस्टरला पोहोचताच चिरंजीव म्हणाले, "नाना, येथे हिंदी खाणावळी पुष्कळ आहेत. आपण दर शनिवारी चांगली करी शोधू." त्याप्रमाणे आमची शोधयात्रा सुरू झाली.

आता 'करी' हा शब्द आपल्या घरात कोणी वापरीत नाही. आपल्याकडे आमटी असते, सार असते, कालवण असते, तिखले असते. करी म्हणून काही असते हे आपणांस साहेबाने सांगितले. हा शब्द मूळचा दक्षिणेकडील. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि पुढे इंग्रजांनी वाटेल त्या रश्श्यास लाविला. १७४७ साली हॅना ग्लास या बाईंच्या इंग्रजी पाकपुस्तकात 'करी'ची कृती छापली गेली. म्हणजे प्लासीच्या लढाईच्याही दहा वर्षे आधी करी तेथील पुस्तकात जाऊन बसली होती. १८१० साली पाटण्याकडील शेख दीन मुहंमद या गृहस्थाने लंडनमध्ये पोर्टमन चौकाजवळ 'हिंदुस्थानी कॉफी हाउस' काढले. हिंदुस्थानी माणसाने त्या शहरी काढलेली ही पहिली खाणावळ म्हणतात. ती फार काळ चालली नाही. १८१२ साली बिचाऱ्याचे दिवाळे निघाले. पुढे १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर 'वीरास्वामी' हे उपाहारगृह निघाले आणि करीला प्रतिष्ठा आली. २००१ साली तर तेथील परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी 'चिकन टिक्का मसाला' हे ब्रिटनचे खरे राष्ट्रीय पक्वान्न होय, असे जाहीर भाषणात सांगितले. ज्यांनी आपणांस कारकून केले, त्यांस आपण जेवावयास बसविले, ही गोष्ट गमतीची खरी.

परंतु ते पक्वान्न आमच्या जिभेस काही ओळख देईना. पहिल्या शनिवारी आम्ही 'फिश करी' मागविली. ताटलीत नारिंगी रंगाचा दाट रस आणि त्यात पांढऱ्या मासळीचे चौकोनी तुकडे आले. वाढणाऱ्या तरुणास आम्ही विचारले, "या माशाचे नाव काय?" तो म्हणाला, "फिश." दुसऱ्या शनिवारी दुसरी खाणावळ, तिसऱ्या शनिवारी तिसरी, पण रस तोच. त्याचे कारण पुढे कळले. कांदा, आले, लसूण आणि थोडे टोमॅटो शिजवून घोटलेला एक पातळ रस सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार करून ठेवितात. गिऱ्हाइकाने मागितल्यावर त्यातील दोन पळ्या काढावयाच्या. मलई घातली की कोर्मा, मिरची वाढविली की मद्रास, आणखी वाढविली की विंदालू. विंदालूत बटाटेही होते. आम्ही सिंधुदुर्गाचे, गोवे आमच्या शेजारी. त्या शब्दातील 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, ते पोर्तुगीज भाषेतील लसणीचे नाव आहे, हे आम्हांस ठाऊक असल्यामुळे हसू आवरेना. चिरंजीव मात्र ओशाळले. त्यांस वाटले, आपण वडिलांस इतक्या दूर आणून फसविले.

चौथ्या शनिवारी एक चमत्कार झाला. खाणावळ रिकामी होती, बाहेर पाऊस होता. आम्ही ताटात अर्धे टाकिलेले पाहून आतून एक वृद्ध स्वयंपाकी बाहेर आला. मोडक्या हिंदीत त्याने विचारले, "चांगले झाले नाही का?" आम्ही म्हणालो, "चाचा, चांगले आहे. पण हे आमच्या घरचे नाही." तो हसला व म्हणाला, "आमच्याही घरचे नाही." हा गृहस्थ सिल्हेटचा, म्हणजे बांगलादेशाचा. ब्रिटनमधील 'इंडियन' म्हणून चालणाऱ्या कित्येक खाणावळी सिल्हेटी लोकांच्याच आहेत. बोटीवर खलाशी म्हणून गेलेली त्यांची वडीलधारी मंडळी बंदरात उतरली, त्यांनी आपल्यासारख्यांसाठी चहाभाताची दुकाने काढिली आणि त्यातूनच हा पसारा वाढला. आम्ही शिक्षक होतो हे कळताच तो आम्हांस 'मास्टरसाहेब' म्हणू लागला. मग तो आत गेला आणि नोकरमाणसांसाठी वेगळे शिजविलेले कालवण दोन वाट्यांतून घेऊन आला. पातळ पाण्यासारखे, पिवळसर, आत रोहू माशाची काट्यासकट तुकडी आणि सातकरा नावाच्या त्यांच्याकडील लिंबाची साल. ते आमचे कालवण नव्हतेच. पण ते कोणाच्या तरी घरचे होते. आम्ही दोघे बापलेक बोटांनी काटे काढीत ते जेवलो. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.

त्या रात्री आम्हांस आमचे आजोबा आठवले. ते मुंबईस गिरणीत लागले तेव्हा लालबागच्या एका खोलीत गावचे पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत आणि शेजारच्या चाळीतील एका विधवा बाईंच्या खाणावळीत जेवत. मालवणी माणसास मुंबई तेव्हा परदेशच होती. त्या खाणावळवाल्या बायांनी गिरणगाव जगविले. त्यांस सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढिले, हे आपणांस विदित आहेच. आजोबा म्हणत, "मुंबईत हॉटेलात पोट भरता, खाणावळीत जीव भरता." सिल्हेटचा चाचा आणि ती चाळीतील बाई, दोघांचा धंदा एकच. फरक इतकाच की, चाचास आपले खरे अन्न आत लपवून ठेवावे लागते.

तेव्हा बाहेर शोधणे पुरे, घरीच करू, असे ठरले. सामग्रीचा प्रश्न वाटला होता त्याहून सोपा निघाला. आमसुले मिळाली ती बेलग्रेव्ह रोडवर एका गुजराती दुकानात. हा सबंध रस्ता गुजरात्यांचा. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर त्यांतील पुष्कळ लोक लेस्टरला आले. तेथील नगरपालिकेने 'आमच्या शहरी येऊ नका' अशी जाहिरात युगांडातील वर्तमानपत्रात दिली होती. तरी ते आले आणि त्यांनी बाजारपेठ उभी केली. गुजराती माणूस डाळीत कोकम घालतो, म्हणून आमच्या कोकणचा रातांबा तेथे आमच्याआधी पोहोचला होता. सूनबाई रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांच्या केरळी सहकारिणींनी खवून गोठविलेल्या नारळाचे दुकान दाखविले. बांगडा मासळीच्या दुकानात होताच. तो आपला बांगडा नव्हे. अटलांटिकच्या थंड पाण्यातला तो मासा. पाठीवर नागमोडी पट्टे आणि अंगात तेल फार. पण कुळी तीच, आणि भावही परवडणारा.

अडले ते तिरफळांपाशी. तिरफळांवाचून बांगड्याचे कालवण म्हणजे मास्तरावाचून वर्ग. चार दुकाने पालथी घातली. नाव घेताच दुकानदार त्रिफळा चूर्णाची बाटली पुढे करी. शेवटी नातवासाठी शेवया घ्यावयास एका चिनी दुकानात गेलो असता मसाल्यांच्या फळीवर एक पुडी दिसली. आत फुटलेली तांबूस फळे, मधले काळे बी तेवढे निराळे. हातावर घेऊन वास घेतला, एक साल दाताखाली धरली. जिभेस मुंग्या आल्या. आम्ही दुकानातच मोठ्याने म्हणालो, "अरे, ही तर तिरफळे!" चीनच्या सिच्वान प्रांतात हीच मिरी घालतात. ती आपल्या तिरफळांची सख्खी बहीण असल्याचे नातवाने तेथल्या तेथे यंत्रावर पाहून सांगितले. वास किंचित निराळा आणि मुंग्या अधिक. म्हणून आपल्या दहांच्या जागी सहा घ्यावीत.

पहिला प्रयत्न फसला. चिरंजीवांनी तेल तापवून कांदा-लसूण परतावयास घेतली. घरभर धूर झाला, छतावरील धोक्याची घंटा केकाटू लागली आणि शेजारच्या बाई काय पेटले म्हणून दारात आल्या. इतके होऊन जे शिजले त्याची चव थेट खाणावळीची.

त्या रात्री आम्हांस झोप लागेना. आम्ही स्वयंपाकघरात कधी पाय ठेविला नाही हे खरे. पण आमची बसण्याची जागा ओटीवर, आणि मधली भिंत कुडाची. वह्या तपाशीत असता आतले सर्व ऐकू येई. म्हणून डोळे मिटून आम्ही ऐकू लागलो. प्रथम खवणीचा आवाज. मग पाट्यावर धणे-मिरच्यांची खरखर. ती मऊ झाली की खोबरे पडे आणि वरवंट्याचा आवाज जड होई. मग मडक्यात पाणी ओतल्याचा आवाज. तिरफळे ठेचल्याचा हलका ठोका. नंतर काही नाही. थोड्या वेळाने वास. आम्ही पुनःपुन्हा आठवून पाहिले. माशाच्या दिवशी फोडणीचा चर्र असा आवाज कधीच आला नव्हता! पहाटे चार वाजता आम्ही चिरंजीवांस उठविले आणि सांगितले, "बाळ, फोडणी नाही. कांदा-लसूण नाही. नुसते वाटण आणि उकळी." ते अंथरुणात उठून बसले आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

रविवारी तसे केले. चार मोठे बांगडे, दोन वाट्या खोबरे, आठ काश्मिरी मिरच्या भिजवून, चमचाभर धणे, हळद, सहा चिनी तिरफळे, पाच आमसुले. घंटा वाजली नाही. चिरंजीवांनी पहिला घास घेतला, मान खाली घातली आणि तीन वेळा भात घेतला. नातवाने काट्यांबद्दल तक्रार केली; पण रस भातावर ओतून ताटली पुसून घेतली. आमच्या मते तरी त्यात काहीतरी उणे होते. काय, ते कळेना.

सर्व प्रमाणे एका वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून काढून तिची एक प्रत चिरंजीवांस दिली. मूळ वही घेऊन परत आल्यावर आम्ही आमच्या आकडसासूबाईंकडे गेलो. वय एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी. दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. आम्ही वही पुढे ठेविली. त्यांनी चष्मा लावून एक एक ओळ बोट ठेवून वाचली, मग आमच्या खिशाचे तांबडे पेन मागून घेतले. आमसुले वाटणाबरोबर लिहिली होती. ती खोडून 'बांगड्याच्या मागून' असे लिहिले. धण्यांच्या पुढे 'कमी' असे लिहिले. आणि तळाशी, थरथरत्या पण ठसठशीत अक्षरांत एक ओळ घातली: 'उतरताना वरून कच्चे खोबरेल एक चमचा. हे कसे विसरलात?' आम्ही म्हणालो, "ताई, खोबरेल ओतल्याचा आवाज येत नाही हो." त्या हसल्या, डोळ्यांस पदर लाविला आणि वहीच्या कोपऱ्यात गुण घातले: दहापैकी सहा. ते पान आम्ही त्याच संध्याकाळी लेस्टरला पाठविले.