पिंजऱ्यातील राघू आणि १९७२ चा कायदा
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर-सूचक मंडळ आणि वसतिगृहाचा जमाखर्च या विषयांचा ऊहापोह होत असतो. मी आज निवडलेला विषय त्या मानाने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आपल्या वसतिगृहाच्या ओसरीवर जो पिंजरा टांगलेला आहे आणि ज्यातील राघू येणाऱ्याजाणाऱ्यास 'या, बसा' म्हणतो, त्याच्याविषयी व घरोघरी असलेल्या त्याच्यासारख्या जीवांविषयी कायदा काय म्हणतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. कार्यकारी मंडळापुढे हा प्रश्न दोनदा आला व दोन्ही वेळा हसण्यावारी गेला. म्हणून तो येथे सर्वांसमक्ष मांडीत आहे.

राघू आपणांस परका असा कधी वाटलाच नाही. पैठणीच्या पदरावर तो आहे, रांगोळीत आहे, दारावरच्या तोरणात आहे. अर्थ न कळता धडा म्हणणाऱ्या मुलास आम्ही मास्तर लोक 'पोपटपंची करू नकोस' म्हणून दटावीत आलो. अशा निकट परिचयामुळे गाय, कोंबडी, मांजर यांच्याच पंक्तीला आपण त्यास बसविले. कायदा मात्र तसे करीत नाही. गाय ही पाळीव जात आहे. राघू ही या भूमीतील वन्य जात आहे, आणि पिंजऱ्यात दहा वर्षे राहिल्याने किंवा माणसासारखे चार शब्द बोलल्याने त्याची जात बदलत नाही.

या विषयावरील कायदे नवे नाहीत. रानपक्ष्यांच्या संरक्षणासाठी १८८७ साली आणि पक्षी व प्राणी या दोहोंसाठी १९१२ साली इंग्रज सरकारने कायदे केले. १९५१ साली तत्कालीन मुंबई राज्याने आपला स्वतंत्र कायदा केला. पुढे १९७२ साली संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत केला. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. बंदूक चालविणे तर शिकार आहेच. परंतु फासा लावणे, जिवंत पकडणे, पक्ष्याची अंडी वा घरटे बिघडविणे हीही शिकारच होय. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या, आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेला आपला हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. त्यास बाळगण्याच्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

वास्तुशांतीच्या वेळी शुभ म्हणून ताटात घालून आणले जाणारे ते पाठीवर चांदण्या असलेले कासव तर आता पहिल्या अनुसूचीत आहे. तेथे शिक्षेची खालची मर्यादाच तीन वर्षे असून वरची सात वर्षे आहे, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. लक्ष्मी घरी येईल या आशेने आणलेल्या कासवापायी वकिलाची पायरी चढण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये. (देव्हाऱ्यातील मोरपिसाविषयी मात्र भगिनींनी चिंता करू नये, मोराच्या पिसाऱ्यातील पिसांना कायद्याने व्यापारबंदीतून सूट दिली आहे.)

'आम्ही पकडला नाही, विकत घेतला', किंवा 'आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहे', असे उत्तर नेहमी ऐकू येते. परंतु बेकायदा पकडलेला वन्य प्राणी कलम ३९ अन्वये सरकारची मालमत्ता ठरतो. विकणाऱ्याचीच मालकी नव्हती, तर ती घेणाऱ्यास कोठून मिळणार? शिवाय कलम ५७ प्रमाणे तो कायदेशीरपणे बाळगला आहे हे सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावरच आहे. जुन्या काळापासून ज्यांच्याकडे अधिक संरक्षित प्राणी होते, त्यांनी ते जाहीर करून मालकी प्रमाणपत्र घ्यावे अशी सोय मूळ कायद्यात होती, आणि २००३ साली पुन्हा एकदा १८० दिवसांची मुदत देण्यात आली होती. ती संधी संपली.

गंमत अशी की, परदेशातून आलेल्या काही पक्ष्यांची रीतसर नोंद करून ते घरी ठेवता येतात. त्यासाठी २०२४ साली नियमही झाले. ऑस्ट्रेलियाचा काकाकुवा कागदपत्रांसह चालतो आणि आपल्या अंगणातील राघू चालत नाही, हे ऐकून पुष्कळांस हा उलटा न्याय वाटतो. मला तो तसा वाटत नाही. काकाकुव्याच्या पिंजऱ्याने आपले रान रिकामे होत नाही. राघूच्या पिंजऱ्याने होते. उन्हाळ्याच्या तोंडी झाडांच्या ढोलींत हात घालून, प्रसंगी फांदी तोडून, डोळेही न उघडलेली पिल्ले काढली जातात व टोपल्यांत कोंबून शहराकडे नेली जातात. वाटेत किती मरतात याचा हिशेब ठेवतो कोण? आपण दुकानात जो एक घेतो, त्याच्या मागे हे सारे असते.

तथापि कायदा कोरडा आहे, हे मान्य केले पाहिजे. उत्तर प्रदेशात एका शेतकऱ्याने जखमी सारस पक्ष्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर तो मोकळा असूनही त्याच्या मागे मागे फिरू लागला. २०२३ साली वनखात्याने तो पक्षी नेला व अखेर तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. लोक हळहळले, आणि ते स्वाभाविक होते. मोकळा पक्षी पिंजऱ्यात गेला यात मलाही शोभा दिसत नाही. पण प्रेमाने ठेवणारा आणि विकण्यासाठी ठेवणारा यांच्या अंतःकरणातील भेद कायद्याने कोणत्या मापाने मोजावा? हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्य पिल्लांना आयुष्यभर पोटच्या पोराप्रमाणे वाढविले. त्यांच्या त्या अनाथालयासही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांत राहावे लागते. मग आपली काय कथा!

अंगणात घुबड जखमी होऊन पडले, वादळात पिल्लू खाली आले, तर त्यास उचलण्यास भिऊ नये. मात्र तो प्राणी हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास वा अधिकृत वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपयोगी पडतो.

आता वसतिगृहाच्या राघूविषयी. काही तरुण मंडळींनी त्यास गच्चीवरून सोडून द्यावे असे सुचविले आहे. तसे कृपा करून कोणी करू नये. ज्याने कधी दाणा शोधला नाही, ज्याचे पंख कातरलेले आहेत, तो संध्याकाळपर्यंत मांजराच्या किंवा घारीच्या तोंडी जाईल. तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा. उडण्यायोग्य असल्यास ते त्याची रानाशी ओळख करून देतील, नसल्यास आश्रयकेंद्रात ठेवतील. स्वतःहून दिल्यास कारवाई होणारच नाही, असे अभयवचन कायद्यात नाही, हे मी लपवीत नाही. परंतु दडवून ठेवण्यापेक्षा संस्थेच्या शिक्क्यानिशी कळविणे कधीही चांगले. ज्या घराण्याने वडिलांच्या स्मरणार्थ तो पिंजरा दिला, त्यांना मी स्वतः भेटलो आहे. त्याऐवजी वाचनालयास कपाट देण्यास त्यांनी संमती दिली आहे.

अर्जाचा मसुदा मी तयार करून आणला असून तो चिटणीसांच्या हाती देत आहे. अध्यक्षांची सही आजच व्हावी अशी विनंती आहे. वनाधिकारी येईपर्यंत मुलांनी राघूस पेरू व भिजवलेले हरभरे घालावेत, चहात बुडविलेले बिस्किट घालू नये.