इस्पितळाच्या आवारातलं स्वयंपाकघर



आजचा विषय फलकावर वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. रुग्णालयाच्या आवारात एक आधार केंद्र बांधायचं आणि त्याला बांधकामाची परवानगी मिळवायची, यात तासभर ऐकण्यासारखं काय आहे? परवानगी म्हटलं की आपल्याला कचेरी, फाईल, शेरा आणि शिक्का एवढंच आठवतं. मी आज ती फाईल तुमच्यापुढे उघडणार आहे. आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना बसायला जागा आहे की नाही, हे त्या फाईलमधल्या नकाशावर ठरतं. नकाशावर ज्याला जागा मिळत नाही, तो फुटपाथवर येतो.

मी वास्तुकार आहे. रुग्णालयांचे नकाशे काढण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझ्या वडिलांचा रिपोर्ट आला तो दिवस सांगते. डॉक्टर भले होते, पण बाहेर रांग होती. "कॅन्सर आहे, पुढच्या आठवड्यात या, आता जरा बाजूला थांबा," असं सांगून त्यांनी पुढचं नाव पुकारलं. आम्ही लिफ्टपाशी उभे राहिलो. शेजारी रिकामं स्ट्रेचर होतं. वडील भिंतीला टेकले आणि म्हणाले, "पाणी मिळेल का गं?" पाणी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की असा पॅसेज मी स्वतः अनेकदा काढला आहे. त्याची रुंदी स्ट्रेचर वळेल एवढी बरोबर असते. वाईट बातमी ऐकलेला माणूस तिथे कुठे टेकेल, हा विचार मी एकदाही केला नव्हता.

पुढे मला कळलं की असाच एक पॅसेज एका मोठ्या कामाचं मूळ ठरला आहे.

मॅगी केझिक जेंक्स या ब्रिटिश लेखिका आणि उद्यान-रचनाकार. चिनी बागांवरचं त्यांचं पुस्तक 1978 साली आलं आणि त्या विषयात ते आजही मानाचं आहे. 1988 मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. 1993 मध्ये रोग परतला आणि हाडांत, यकृतात पसरला. हातात थोडे महिने आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर इतर रुग्ण खोळंबले होते, म्हणून मॅगी आणि त्यांचे पती, वास्तुकलेचे समीक्षक चार्ल्स जेंक्स, यांना खोलीबाहेर बसायला सांगण्यात आलं. खिडकी नसलेला पॅसेज होता. तिथे बसून दोघांनी ती बातमी पचवायची होती.

मॅगींनी पुढे एडिंबरामध्ये प्रगत केमोथेरपी घेतली. थोडे महिने म्हणता म्हणता त्या जवळपास दोन वर्षं जगल्या. त्या काळात त्यांनी लिहून काढलं की रुग्णाला औषधाखेरीज काय लागतं. डोक्यावरचे भगभगीत दिवे, बाहेरचं काही न दिसणारी खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांची रांग या सगळ्याने माणसाचं उरलंसुरलं बळ कसं संपतं, हे त्यांनी नेमकं टिपलं. त्यांनी एका छोट्या केंद्राची कल्पना मांडली. सोबत होत्या त्यांच्या नर्स लॉरा ली. वेस्टर्न जनरल हॉस्पिटलच्या आवारात घोड्यांचा एक जुना तबेला होता, तो मिळाला. जुलै 1995 मध्ये मॅगी गेल्या. वास्तुकार रिचर्ड मर्फी यांनी तबेल्याचं रूप पालटलं आणि 1996 मध्ये केंद्राचं दार उघडलं. त्याचं नाव मॅगीज. लॉरा ली पुढे या संस्थेच्या प्रमुख झाल्या. आज ब्रिटनमध्ये अशी वीसहून अधिक केंद्रं आहेत. हाँगकाँग, टोकियो आणि बार्सिलोनापर्यंत ही कल्पना गेली आहे.

या केंद्रात उपचार होत नाहीत. सुई नाही, सलाईन नाही. दार ढकलून आत गेलं की समोर स्वयंपाकघर आणि मोठं टेबल. कोणीतरी चहा करत असतं. आपला कप आपण घ्यायचा, हवं तर दुसऱ्यालाही करून द्यायचा. अपॉइंटमेंट लागत नाही, पैसे लागत नाहीत. कॅन्सरचा अनुभव असलेल्या परिचारिका असतात, मानसशास्त्रज्ञ असतात, आणि नोकरी गेली, घराचे हप्ते थकले तर सरकारी मदत कशी मिळवायची हे सांगणारा माणूसही असतो. रुग्णाची बायको, मुलगा, मैत्रीण यांनाही दार तितकंच उघडं असतं.

वास्तुकाराला संस्था जे मागणीपत्र देते, ते प्रत्येक वास्तुविद्यार्थ्याने वाचावं असं आहे. साधारण 280 चौरस मीटर, म्हणजे तीन हजार चौरस फुटांची इमारत. प्रवेशाशी स्वागतकक्षाचा उंच ओटा नको. आत येणाऱ्याला सगळं घर एका नजरेत कळावं. खिडकीतून झाड, आकाश दिसावं. आणि स्वच्छतागृह असं असावं की आत जाऊन मनसोक्त रडता येईल. ही शेवटची ओळ वाचली तेव्हा मला लिफ्टपाशी उभे असलेले वडील आठवले. हातरुमाल काढायलाही त्यांना आडोसा नव्हता.

या छोट्या घरांसाठी थोर वास्तुकार पुढे आले. फ्रँक गेरी यांची ब्रिटनमधली पहिली इमारत म्हणजे डंडीचं मॅगीज, 2003 चं. झाहा हदीद यांचंही ब्रिटनमधलं पहिलं पक्कं बांधकाम म्हणजे फाईफचं केंद्र, 2006 चं. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातल्या केंद्राला 2009 मध्ये स्टर्लिंग पारितोषिक मिळालं.

पण नाव मोठं असलं म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही. ब्रिटनमध्ये 1947 च्या नगररचना कायद्याने एक मूलभूत गोष्ट ठरली: जमीन तुमची असली तरी तिच्यावर बांधण्याचा हक्क समाजाच्या संमतीने मिळेल. अर्ज आला की तो जाहीर होतो. शेजाऱ्यांना कळवलं जातं. कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो, पाठिंबाही देऊ शकतो. अधिकारी अहवाल तयार करतात, आणि महत्त्वाच्या प्रकरणांत लोकांनी निवडलेल्या सदस्यांची समिती उघड बैठकीत निर्णय घेते. नकार दिला तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. मंजुरी मिळाली तरी अटी असतात: ही झाडं राखा, विटेचा नमुना आधी दाखवा, तीन वर्षांत काम सुरू करा. शेजारी वारसा इमारत असेल तर तिच्या परिसराला बाध येतो का, याचा विशेष विचार करणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात. लोक त्याला बार्ट्स म्हणतात. 1123 साली राहिअर नावाच्या साधूने ते स्थापन केलं आणि नऊशे वर्षं ते त्याच जागी उभं आहे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वी याच रुग्णालयात वैद्य होते. अठराव्या शतकात जेम्स गिब्ज यांनी इथे चौक धरून भव्य इमारती योजल्या. त्यातल्या उत्तरेकडच्या इमारतीत ग्रेट हॉल आहे, आणि तिथे जाणाऱ्या जिन्याच्या भिंतींसाठी विल्यम होगार्थ यांनी 1730 च्या दशकात दोन प्रचंड चित्रं रंगवली. गिब्जनी रुग्णालयाकडून मेहनताना घेतला नाही, होगार्थनीही घेतला नाही.

या वारशाला खेटून साठच्या दशकातलं एक विटांचं बांधकाम होतं. ते पाडून तिथे मॅगीज उभारायचं, अशी योजना अमेरिकी वास्तुकार स्टीव्हन हॉल यांनी आखली. काँक्रीटचा सांगाडा, आतून बांबूचं अस्तर, बाहेरून दुधी काचेचं आवरण आणि त्यात मध्ययुगीन संगीतलिपीच्या खुणांसारखे रंगीत तुकडे. दिवेलागणीला आतला उजेड बाहेर झिरपणार.

विरोध झाला. फ्रेंड्स ऑफ द ग्रेट हॉल या गटाचं म्हणणं होतं की आधार केंद्र हवंच, पण अठराव्या शतकातल्या दगडी इमारतीला काचेची पेटी चिकटवू नका. शिवाय ग्रेट हॉल लोकांसाठी वापरता यायचा तर त्यालाही पूरक सोयींची जागा लागते, ती जागा तुम्ही घेऊन टाकाल. त्यांनी नुसता निषेध नोंदवला नाही, हॉपकिन्स या नामवंत वास्तुकारांकडून पर्यायी आराखडा करून घेतला. 2013 मध्ये सिटी ऑफ लंडनच्या समितीने हॉल यांचा प्रस्ताव फेटाळला. फेरबदल करून तो पुन्हा आला आणि 2014 मध्ये मंजूर झाला. 2017 मध्ये केंद्र उघडलं.

मित्रहो, या वादात माझा कौल कोणाला? केंद्राला. पण विरोधकांना मी आडमुठे म्हणणार नाही. ज्यांना आपल्या गावातल्या जुन्या भिंतीची माया असते, त्यांच्यामुळेच गावाला तोंडवळा राहतो. तरीही होगार्थची ती दोन चित्रं बायबलमधल्या कोणत्या गोष्टींची आहेत ते पाहा. एकात बेथेस्दाच्या तळ्याकाठी जमलेले आजारी लोक आहेत, बरं होण्याची वाट पाहणारे. दुसऱ्यात रस्त्यात घायाळ पडलेल्या परक्या माणसाला उचलून घेणारा शोमरोनी. पहिलं चित्र प्रतीक्षेचं, दुसरं आधाराचं. आणि वर ग्रेट हॉलच्या भिंतींवर कोणाची नावं आहेत? देणगीदारांची. म्हणजे या रुग्णालयाने तीनशे वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं की इस्पितळात उपचाराच्या खोल्यांखेरीजही एक दालन लागतं, आणि ते लोकवर्गणीतून उभं राहतं. देणगीवर चालणारं आधार केंद्र तिथे उपरं नव्हतं. ते त्या भिंतींच्या गोतावळ्यातलंच होतं.

त्या एका वर्षाच्या खोळंब्याचा मला राग येत नाही. नकार मिळाला म्हणून दोन्ही बाजूंना आपली जागा नेमकी कशासाठी हवी आहे हे चारचौघांत सांगावं लागलं. मायेने मागितलेल्या जागेनेही शेजाऱ्याला उत्तर द्यायला हवं, हे मला पटतं.

आता एक रास्त आक्षेप. खाटा कमी, डॉक्टर कमी, आणि तीन हजार चौरस फूट चहासाठी? मी उलट विचारते, ते दुःख आज जागा व्यापत नाही का? ते जिन्यावर बसलेलं असतं, पार्किंगमध्ये रडत असतं, औषधाच्या रांगेत भोवळ येऊन पडत असतं. जागा त्याने घेतलेलीच आहे. आपण फक्त त्याला छप्पर आणि खुर्ची दिलेली नाही.

आणि दुःखाला आसरा देणं आपल्या रक्तात नाही असं कोणी म्हणू नये. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. लेडी मेहरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात या कामाचं बीज पडलं. आज विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून लोक परळला येतात. त्यांची बिऱ्हाडं फुटपाथवर आपण सर्वांनी पाहिली आहेत: पिशवीत एक्स-रे, दोरीवर वाळत घातलेलं धोतर, तीन विटांची चूल. गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं. त्यांनी जे. जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून बाहेरगावच्या रुग्णांची सेवा करते. शाळेची पायरीही नीट न चढलेल्या एका परटाला जे दिसलं, ते आम्हा पदवीधर वास्तुकारांना नकाशा काढताना दिसू नये, याची मला खंत वाटते.

धर्मशाळा रात्रीचा आसरा देते. मॅगीज दिवसाचा आसरा देतं, ओपीडीतून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचा. म्हणूनच ते रुग्णालयाच्या आवारातच लागतं. हातात रिपोर्ट घेतलेल्या माणसाच्या पायात तेवढंच त्राण असतं. आपल्याला परदेशी वास्तुकार नको, दुधी काच नको. एक ओटा, एक मोठं टेबल, पाण्याचा माठ, झाडाकडे उघडणारी खिडकी, मराठी-हिंदीत सरकारी योजनेचा अर्ज भरून देणारा एक माणूस आणि कडी लावून रडता येईल अशी एक मोरी. एवढा खर्च गावोगावची गणेशोत्सव मंडळं मनात आणलं तर उचलू शकतील. अडतं ते जागेपाशी, आणि जागा नकाशावर ठरते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्या शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. हरकती आपण पुष्कळ देतो, कारण आपल्या भिंतीवरून रस्ता जात असतो. या वेळी एक सूचना द्या. आपल्या जवळच्या रुग्णालयाचा भूखंड शोधा, नकाशावर बोट ठेवा आणि साध्या कागदावर लिहा: इथे रुग्णांच्या आणि त्यांच्या माणसांच्या बसण्यासाठी जागा राखून ठेवा. खाली सही करा, आणि त्या कागदाची पोच घ्यायला विसरू नका.