वाटाण्याला घाई नसते

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

चित्रकला, विज्ञान आणि संगणक तुम्ही एकाच कार्यशाळेत शिकलात. बाहेर पडल्यावर लोक विचारतील, "म्हणजे नेमके कोण तुम्ही? कलाकार, तंत्रज्ञ की प्रोग्रामर?" त्यांना एका वाटाण्याच्या रोपाची हकीकत सांगा.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि ही हलती चित्रे काय करू शकतात, हे पैसे लावणाऱ्याला पटवायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ चौकट-चौकट टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली आणि पैसे उभे राहिले.

यामागचे गणित करून पाहा. सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तर मिनिटभराच्या चित्राला ९६० लागतात. रोप महिनाभर वाढणार असेल तर दर पाऊण तासाला एक चौकट, रात्रीसुद्धा. रोप उजेडाकडे झुकते, म्हणून दिवा कोणत्या बाजूला ठेवायचा, हे वनस्पतिशास्त्राला विचारावे लागते. उजेड कमीजास्त झाला तर चित्र लुकलुकते. ते आधीच ओळखायला चित्रकाराची नजर लागते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, शिळाछपाई असे सगळे करून फाळके इथवर आले होते. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडायला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसत. आता सांगा, फाळके कोण? कलाकार की तंत्रज्ञ?

आज हाच प्रयोग तळहाताएवढ्या बोर्डावर, दहाबारा ओळींच्या प्रोग्रामने होतो. रात्री कोणाला उठावे लागत नाही. पण किती वेळाने टिपायचे आणि दिवा कुठे ठेवायचा, हे आजही तुम्हालाच ठरवायचे आहे. पाणी घालायला विसरलात, तरी प्रोग्राम बिनचूक चालतो आणि मेलेल्या रोपाची ९६० सुबक छायाचित्रे तुमच्या हाती ठेवतो.

हात आणि डोके असे एकत्र चालवायला शिकवण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, शेती, वायरिंग करता करता विज्ञान शिकली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यातून वस्तू घडवणाऱ्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये याच गावात उभी राहिली. संगणकावर आराखडा काढायचा, यंत्रावर वस्तू कापायची, वापरून पाहायची आणि जमली नाही तर पुन्हा आराखड्याकडे वळायचे, अशी तिथली शिकण्याची रीत.

या रीतीची गरज आता वाढली आहे. पडद्यावर सगळेच जुळते. लाकूड मात्र तडकते, कापड आटते, माती वाळताना आकसते. हल्ली यंत्राला सांगितले की क्षणात शंभर आराखडे तयार! त्यांतला कोणता उन्हापावसात टिकेल, हे ज्याने लाकूड, कापड, माती हाताळली आहे त्यालाच सांगता येईल. तुमच्या पदवीची खरी किंमत तिथे आहे.

जाता जाता थोडे मागणे मागतो. कामाच्या टेबलावर संगणकाशेजारी करवत, सोल्डरिंग गन आणि रंगाच्या बाटल्यांना जागा ठेवा. कुंभार, विणकर, फिटर यांच्याकडे शिकायला जाल, तेव्हा कामाला त्यांचे नावही लावा आणि मोबदलाही द्या. भोके पाडणारे हात पडद्यावर दिसत नाहीत.

आणि आपल्या गावातल्या, वस्तीतल्या शाळेत जा. मुलांच्या हाती एखादा बंद पडलेला पंखा आणि स्क्रूड्रायव्हर द्या. पंखा आणखी बिघडेल, बिघडू द्या. तो पुन्हा फिरेपर्यंत त्यांच्याबरोबर बसा.