विहीर बाटते कशाने?



आज मी वाणाबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आपल्या घरातलाच आहे, 'बाटणे'.

एका खरिपात मी कपाशी पाहायला एका गावी गेलो होतो. ऊन चढलं म्हणून विहिरीपाशी थांबलो. एक आजी घागर भरून निघाल्या होत्या. शेतावरच्या एका मजुराला तहान लागली होती. त्याने घागरीला हात लावला, तशा आजी ओरडल्या, "अरे, पाणी बाटलं की रे!" आणि भरलेली घागर त्यांनी तिथंच ओतून दिली. त्याच वेळी त्यांचा नातू विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धूत होता. पंपातलं पांढरट पाणी काठाच्या फटीतून परत विहिरीत झिरपत होतं. त्याला कोणी काही बोललं नाही. आजींनी त्याच विहिरीतून घागर पुन्हा भरून घेतली.

मंडळी, आता या शब्दाचा अर्थ पाहू. ज्याला शिवायचं नाही असं आपण ठरवलेलं असतं, त्याचा स्पर्श झाला की वस्तू 'बाटली' असं म्हणतात. सोवळं बाटतं, भांडं बाटतं, धर्म बदलला तर माणूसही बाटला म्हणायचे. यात वस्तूमध्ये काही फरक पडतो का? नाही. फरक पडतो तो आपल्या मानण्यात.

दुसरा शब्द 'दूषित'. ज्यात दोष शिरला ते दूषित. हा दोष खरोखर पाण्यात असतो. रोगाचे जंतू, विष, मैला. आपण मानलं काय आणि न मानलं काय, तो पोटात गेला की आपलं काम करतोच. तिसरा शब्द 'गढूळ'. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, दूषितपणा दिसेलच असं नाही. पाणी काचेसारखं नितळ असलं तरी त्यात पटकीचे जंतू असू शकतात.

या शब्दांची गल्लत केवढी महाग पडते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्याले. तळं सार्वजनिक होतं. तरीही तळं बाटलं म्हणून नंतर त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. आता तुम्हीच विचार करा. माणसाने ओंजळभर पाणी प्याल्याने तळ्यात काय गेलं? काही नाही. घाण गेली ती शुद्ध करताना. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या घटनेने अस्पृश्यता बंद केली आणि सार्वजनिक विहिरी-तळी सर्वांना खुली ठेवली. कायदा झाला, पण शब्द अजून तोंडात राहिला आहे.

मग विहीर खरोखर कशाने बाटते? तर ऐका.

पहिलं, औषधाचा पंप आणि डबे विहिरीवर, ओढ्यावर धुण्याने. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. डबा रिकामा झाला की तीन वेळा खळखळून घ्या आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे घरात कोणी त्यात तेल-पाणी भरणार नाही. पंप धुतलेलं पाणी पाणवठ्यापासून दूर टाका.

दुसरं, उकिरडा, गोठा आणि संडासाचा खड्डा. हे विहिरीपासून निदान १५ मीटर, म्हणजे ५० फूट लांब हवेत. विहिरीला कठडा आणि भोवती पक्का उतार असावा, म्हणजे सांडपाणी आत परतणार नाही.

तिसरं, युरियाची जादा मात्रा. पिकाने न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन जमिनीत झिरपतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाला असं पाणी घातक ठरतं. आणि हे पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

जंतूंवर उपाय म्हणजे टीसीएल पावडर. चांगली पावडर असेल तर १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम लागते. विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर साधारण २८,००० लिटर पाणी होतं. त्याला ७० ग्रॅम पावडर पुरे. बादलीत पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने विहिरीत सोडा आणि पाणी ढवळा. नंतर निदान एक तास पाणी भरू नका. एक मात्र ध्यानात ठेवा, फवारणीचं विष टीसीएलने जात नाही आणि उकळूनही त्याचा भरवसा नाही. तसं झालं तर ते पाणी पिणं बंद करा. औषधाचं नाव सांगून ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा, नमुना तपासून घ्या.

त्या दिवशी मी आजींना म्हणालो, "आजी, विहिरीत विष चाललंय. हे पाणी पिऊ नका, हातपंपाचं आणा." आजी समंजस. त्यांनी नातवाला तिथून उठवलं, घागरही रिकामी केली. पण त्या मजुराबद्दल मी एक शब्द बोललो नाही. तो मान खाली घालून तहानलेलाच कामाला गेला. ती माझी चूक झाली, म्हणून आज हे बोललो.

माणसाच्या हाताने पाणी बाटत नाही. पाणी बिघडतं ते आपल्या हलगर्जीपणाने. विहिरीवर कोणाला अडवायचंच असेल तर औषधाच्या डब्याला अडवा, तहानलेल्याला नको.