चौसष्ट जणांनी बोलावे कसे?



युनियनच्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते संपाच्या मांडवात आणि रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांत. पण आजचा विषय आम्हांस परका नाही.

१९८८ साली पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्यात एकच थोर मेंदू नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे ६४ लहान प्रोसेसर एका कामास जुंपलेले होते. प्रत्येकाला दुवे मात्र चारच. तेव्हा ६४ जणांनी एकमेकांशी बोलावे कसे?

सर्वांचे गोल कडे केले तर तारा ६४ पुरतात. पण समोरच्या टोकाला निरोप जाण्यास ३२ टप्पे लागतात, आणि दोन तारा तुटल्या की कड्याचे दोन तुकडे! प्रत्येकास प्रत्येकाशी जोडले तर टप्पा एकच. पण तारा २,०१६. सगळ्या तारा मधल्या एकाकडे नेल्या तर खर्च थोडा, टप्पे दोनच. मात्र सारा भार त्या एकावर.

आमच्या एका संपात असेच झाले. सारे निरोप एकाच कार्यकर्त्याकडून जात. तो तापाने अंथरुणास खिळला. संप मागे घेतल्याचे रात्रपाळीला कळलेच नाही. ती माणसे बाहेर राहिली आणि त्यांतल्या काहींची नोकरी गेली. दोष तापाचा नव्हता, आमच्या रचनेचा होता.

चार दुव्यांत बसणारी एक रचना अशी: आठ-आठ जणांच्या आठ रांगा करावयाच्या, शेजाऱ्यास शेजारी जोडावयाचा आणि कडेचा समोरच्या कडेशी. तारा १२८, टप्पे फार तर आठ. आणि निम्मे निम्म्यांपासून तोडावयाचे तर १६ तारा कापाव्या लागतात. हवामानाच्या गणितात रत्नागिरीचा चौकोन मुख्यतः शेजारच्या चौकोनाला विचारतो. तिथे ही रचना शोभते. जिथे सर्वांना सर्वांची खबर लागते, तिथे मधल्या वाटा अधिक हव्यात, आणि त्यांचे मोल द्यावे लागते.

म्हणून राबणारे किती, एवढेच विचारून थांबू नये. मधल्या वाटा किती, हेही विचारावे. त्या संपानंतर आम्ही प्रत्येक खात्याचा माणूस इतर चार खात्यांशी जोडून दिला. निरोपाला थोडा उशीर होतो; पण एकाच्या तापाने दुसऱ्याची भाकरी जात नाही.