रात्रीचा पगार



पत्रिकेवर आजचा विषय वाचून पुष्कळांना प्रश्न पडला असेल की, आपल्या गावी ना विमानतळ, ना वैमानिक. मग मालवाहू विमान चालविणाऱ्याच्या पगाराची उठाठेव येथे कशाला? पण गोंदिया आणि बारामती येथील उड्डाणशाळांत शिकणारी मुले आता आपल्याच आळीतली असतात. शिक्षणाचा खर्च लाखांनी मोजावा लागतो, त्यासाठी कर्ज निघते, प्रसंगी घर गहाण पडते, आणि मग वडील मंडळी आम्हांला एकच विचारतात, "पगार किती?" मुलाची आई शेजारी बसलेली असते. ती दुसरा प्रश्न विचारते, "घरी कधी येणार?" पहिल्याचे उत्तर आकड्यात देता येते म्हणून ते आधी दिले जाते, आणि दुसरा प्रश्न चहाबरोबर संपतो. आज आम्ही त्या दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ देणार आहोत.

उदाहरणे बहुतेक अमेरिकेतली येतील. मालवाहू विमानांचा धंदा तेथे अवाढव्य आहे, आणि वेतनाचे दर वैमानिकांच्या संघटना करार करून ठरवीत असल्यामुळे सौद्याच्या दोन्ही बाजू तेथे उघड्यावर दिसतात. पण या धंद्याचा एक धागा आपल्या घरचाही आहे, तो प्रथम सांगतो.

विमानाने माणसांच्या आधी टपाल वाहिले, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. १९११ सालच्या फेब्रुवारीत अलाहाबादहून नदीपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या लहानशा विमानात उतारू नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. आणि जानेवारी १९४९ मध्ये आपल्या नागपुरास एक विलक्षण व्यवस्था सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही नागपुरास भेटत. थैल्यांची अदलाबदल होई. आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत जाई. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात! पुढे १९७३ सालच्या एप्रिलमध्ये फेडरल एक्सप्रेस या कंपनीने अमेरिकेतील मेम्फिस येथे चौदा छोट्या जेट विमानांनिशी असेच एक चाक मांडले. आस मेम्फिसला आणि आरे पंचवीस शहरांना. पहिल्या रात्री त्या चाकावरून १८६ पुडकी गेली. आज त्याच्यावर जगाचा व्यापार फिरतो. नागपूरची कल्पना त्यांनी उचलली असे आम्ही म्हणत नाही. एवढेच की ती नागपुरास चोवीस वर्षे आधी चालून दाखविली होती, आणि याचा नागपूरकरांना अभिमान वाटण्यास हरकत नाही.

नागपूर असो की मेम्फिस, गिऱ्हाइकाने विकत घेतलेली वस्तू एकच आहे : रात्र. दुकानदार संध्याकाळी माल बांधतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोहोचावा म्हणतो. मधले आठ-दहा तास त्याच्या झोपेचे असतात. त्या वेळात कोणीतरी जागायचे असते. अमेरिकेच्या टपालखात्याने १९१८ साली विमानटपाल सुरू केले. वैमानिकाला मूळ पगार आणि शिवाय मैलामागे काही सेंट मिळत; पुढे रात्रीची उड्डाणे सुरू झाल्यावर रात्रीच्या मैलाला दर दुप्पट झाला. हिशेब सरळ होता. त्या काळी खात्याचे तिसाहून अधिक वैमानिक कामावर मरण पावले, तेव्हा दुप्पट दर ही काही मेहेरबानी नव्हती. म्हणून आमचे म्हणणे असे की, मालवाहू वैमानिकाचा पगार हा उडण्याचा पगार आहे असे समजणे अपुरे होय. त्यातला मोठा भाग रात्रीचा मोबदला आहे, जरी आजच्या पगारपत्रकावर तसे लिहिलेले नसते.

आता पगार. अमेरिकेतील दोन सर्वांत मोठ्या मालवाहू कंपन्यांत, म्हणजे फेडेक्स आणि यूपीएस येथे, मोठ्या विमानाच्या अनुभवी कॅप्टनची वार्षिक कमाई तीन लाख डॉलरांच्या वर जाते. हा आकडा ऐकून सभागृहात जी कुजबुज झाली ती स्वाभाविक आहे! पण दर तासावर असतो, तो तास मुख्यतः विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो, आणि महिन्याला ठराविक तासांची हमी असते. दर तीन गोष्टींवर ठरतो : विमान कोणते, खुर्ची डावी की उजवी, आणि नोकरीत वर्षे किती. नवा सहवैमानिक त्या तीन लाखांच्या निम्म्याहूनही बराच खाली असतो. आणि त्याच कंपनीची पुडकी लहान गावांना नेणारी जी एकपंख्याची सेस्ना विमाने आहेत, ती कंत्राटदारांची माणसे एकेकटी उडवितात. त्यांची मिळकत तर वेगळ्याच पायरीवर.

यातील "वर्षे किती" ही गोष्ट पगारापुरती असती तर आम्ही पुढे गेलो असतो. पण सगळी मेख येथेच आहे. वैमानिक नोकरीत शिरला त्या तारखेवरून त्याला ज्येष्ठतेचा एक क्रमांक मिळतो. दर महिन्याला कंपनी कामाचे वेळापत्रक मांडते, वैमानिक आपापली पसंती नोंदवितात, आणि क्रमांकानुसार वाटप होते. वरचे लोक दिवसाची उड्डाणे, सणावाराच्या सुट्ट्या आणि जवळचे विमानतळ उचलतात. तळाच्या माणसाच्या पानात उरेल ते पडते. म्हणजे नाताळची रात्र, पाठोपाठच्या पाच पहाटा, आणि 'राखीव' म्हणून फोनजवळ बसणे. कौशल्य, स्वभाव, घरची अडचण, कशाचाही येथे उपयोग नाही. आणि दुसऱ्या कंपनीत गेले की क्रमांक पुन्हा तळाशी. वीस वर्षांचा कॅप्टन तेथे नवशिक्या ठरतो. याचा अर्थ असा की, पगार आणि आयुष्य यांची तुलना ज्या तराजूत करायची, तो तराजू तिसाव्या वर्षानंतर फारसा हातात राहत नाही. शिवाय मोठा पगार आणि मोकळे दिवस येतात ते पन्नाशीत. रात्रींचे देणे द्यावे लागते ते तिशीत, मुले लहान असताना. देणे एका वयात, घेणे दुसऱ्या वयात. आणि पासष्टाव्या वर्षी अमेरिकेतील कायदा उड्डाण थांबवितो.

आता ती रात्र कशी असते ते पाहू. संध्याकाळी उशिरा उड्डाण, मध्यरात्रीच्या सुमारास मेम्फिस. माल उतरतो, पट्ट्यांवरून धावतो, पुन्हा चढतो. यास दोन-तीन तास लागतात. वैमानिकांसाठी तेथे झोपण्याच्या खोल्या केलेल्या आहेत आणि शहाणा वैमानिक तेवढ्यात पाठ टेकतो. मग पहाटे तीन-चारच्या पुढे दुसरे उड्डाण, आणि लोक कामाला निघतात तेव्हा हा हॉटेलात शिरतो. शरीरातील घड्याळ पहाटे दोन ते सहा या वेळात सर्वांत मंद चालते, आणि नेमकी हीच वेळ उतरण्याची. अमेरिकेच्या नासा संस्थेने बोइंग ७२७ वर रात्रीचा माल वाहणाऱ्या ३४ वैमानिकांची पाहणी केली होती. त्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सुमारे ४१ टक्के कमी भरली, आणि ती हलकी व कमी समाधानाची वाटल्याचे त्यांनीच नोंदविले. आळस म्हणून ते लवकर उठत नव्हते; शरीर उठवीत होते. रात्रपाळी केलेल्या गिरणी कामगाराला ही गोष्ट सांगावी लागत नाही. चाळीतल्या दुपारी, बोहारणीच्या हाका आणि कुकरच्या शिट्ट्या यांत झोपणे म्हणजे काय हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असते. आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडविणाऱ्या रात्रपाळीची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली, २०१९ मध्ये ती कायम ठेवली.

लांब पल्ल्याची तऱ्हा निराळी. अलास्कातील अँकरेज हे गाव आशिया आणि अमेरिका यांच्या वाटेवर पडते. तेथे इंधन घेतले म्हणजे निघताना कमी इंधन आणि अधिक माल घेता येतो, म्हणून मालवाहू ७४७ विमानांची तेथे रांग लागते. अशा कंपन्यांत वैमानिक एकदा घराबाहेर पडला की सतरा-अठरा दिवस फिरत राहतो. मग मात्र तो उरलेला महिना सलग घरी असतो. हे सर्वांनाच जाचते असे समजू नका. उतारूंची कटकट नाही, दिवसाला सहा वेळा चढउतार नाही, आणि बारा दिवस अखंड मोकळे. शेती, लाकूडकाम, मुलांच्या शाळेला नेणे-आणणे यांत रमणारे कितीतरी वैमानिक हीच नोकरी मुद्दाम घेतात. स्वभावाचा प्रश्न आहे. ज्याचे लग्न अशा येण्याजाण्याने अधिक गोड होते असाही माणूस असतो. फक्त ते बायकोला विचारून सांगितलेले बरे.

आता असे वाटेल की झोप ही जिवाची बाब आहे, तिची काळजी सरकार घेत असेल. येथे एक कथा सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून पन्नास माणसे गेली. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम झाले : कामाआधी दहा तास विसावा, त्यात आठ तास अखंड झोपेची संधी, आणि रात्रीच्या कामाला कमी तास. डिसेंबर २०११ मध्ये ते जाहीर झाले, जानेवारी २०१४ पासून लागू झाले, आणि त्यांतून मालवाहू विमाने वगळली गेली. ज्या कंपनीला हवे तिने आपण होऊन पाळावेत. कारण काय? खर्च आणि लाभ यांचा ताळा. मालवाहू विमानात माणसे दोन-तीन. वाचणाऱ्या जिवांची बेरीज लहान, आणि कंपन्यांना पडणारा खर्च त्यापेक्षा फार मोठा. वैमानिकांची संघटना न्यायालयात गेली. २०१६ मध्ये तिचा अर्ज फेटाळला गेला. म्हणजे जी तुलना आपण घरात कुजबुजत करतो, ती तेथे सरकारने शासकीय कागदावर केली, आणि मालवाहू वैमानिकाची झोप तुलनेत हलकी भरली.

मधल्या काळात, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, लुईव्हिलहून अलाबामातील बर्मिंगहॅमला जाणारे यूपीएसचे एअरबस विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीला लागले. दोन्ही वैमानिक गेले. उंचीकडे दुर्लक्ष झाले आणि घडी न बसलेला उतार चालू ठेवला, असे चौकशीत ठरले. थकवा हेही एक कारण नोंदले गेले. सहवैमानिकेने सुट्टीचा वेळ झोपेसाठी नीट वापरला नव्हता, हेही त्याच अहवालात आहे, आणि ते लपवून कैवार घेणे योग्य नव्हे. पण निघण्यापूर्वीच्या ध्वनिमुद्रणात ते दोघे याच विश्रांतीच्या नियमांविषयी आणि आपल्याला त्यांतून वगळल्याविषयी बोलत होते. एवढे वाचल्यावर आम्ही तो अहवाल त्या दिवशी पुढे वाचू शकलो नाही.

बाजाराचे एक बोलून भारताकडे वळतो. २०२० च्या साथीत प्रवासी विमाने जमिनीवर बसली, मालवाहू वैमानिकांना मात्र उसंत नव्हती. अँकरेज काही दिवस जगातले सर्वांत गजबजलेले विमानतळ ठरले. तेव्हा सगळे म्हणू लागले, मालवाहूच बरे! पण २०२३ पर्यंत माल ओसरला. फेडेक्सच्या वैमानिकांनी त्या जुलैत नव्या कराराचा मसुदा मताने फेटाळला, आणि नोव्हेंबरात कंपनीने त्यांना एका लहान प्रवासी कंपनीत जाण्याची वाट दाखविली. त्याच वर्षी मोठ्या प्रवासी कंपन्या घसघशीत पगारवाढ देत होत्या. तीन वर्षांत पारडे फिरले. क्रमांक मात्र जेथल्या तेथे.

आपल्याकडे ब्लू डार्टची विमाने १९९६ पासून चेन्नईच्या तळावरून रात्री माल वाहतात. इतरही काही कंपन्या या धंद्यात उतरल्या, पण जागा थोड्या. नागरी विमानवाहतूक संचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर केले, आणि ते अंमलात यायला २०२५ उजाडले. तेव्हा मुलाला नेमणुकीचे पत्र आले म्हणजे वडिलांनी कॅप्टनचा पगार जरूर विचारावा; पण त्याबरोबर त्या कंपनीतील सर्वांत कनिष्ठ सहवैमानिकाचे मागील तीन महिन्यांचे वेळापत्रक मागून घ्यावे. त्यात पहाटे दोन ते सहामधली उतरणी किती, सलग रात्री किती, घरी घालविलेल्या रात्री किती, हे पेन्सिलीने मोजावे. कर्जाचा हप्ता त्याच कागदाच्या मागे लिहावा. आणि तो कागद मुलाच्या आईसमोर ठेवावा. तिचे लग्न झालेले असेल तर मुलीच्या नवऱ्यासमोरही, कारण आता वैमानिक होणाऱ्यांत मुलीही पुष्कळ आहेत.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. पगाराचे आकडे आम्ही सांगितलेच आहेत, तेव्हा प्रथम भगिनींकडून प्रश्न यावेत अशी विनंती आहे.